हृदयाची उजवी-डावी बाजू आणि पल्मनरी आर्टरी: काहीच डोक्यात बसत नाहीये, कुणी समजावेल का?

जीएनएम_प्रथम_वर्ष

नमस्कार मंडळी. मी जीएनएमच्या (नर्सिंग-मिडवायफरीच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. बारावी आर्ट्समधून केली, त्यामुळे दहावीनंतर विज्ञानाशी संबंधच उरला नव्हता. हाडांचा धडा पाठ करून निभावला. एकूण २०६, बरगड्यांच्या १२ जोड्या वगैरे घोकलं की येतं. पण हृदयाशी येऊन गाडी अडकली आहे. हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांना शाळेत अलिंद-निलय होतं, इथे एट्रियम-व्हेंट्रिकल. ते चालेल, नावांचं काही नाही. माझे खरे प्रश्न असे आहेत:

पुस्तकातल्या आकृतीत हृदयाची उजवी बाजू पानाच्या डावीकडे का छापतात?

आर्टरीत (धमनीत) शुद्ध रक्त आणि व्हेनमध्ये (शिरेत) अशुद्ध, असं शाळेत शिकलो. मग फुप्फुसांकडे जाणाऱ्या पल्मनरी आर्टरीत अशुद्ध रक्त कसं? वर्गात विचारलं तर "तो अपवाद आहे, लिहून घ्या" एवढंच उत्तर मिळालं.

आणि दोन्ही व्हेंट्रिकल जर एका वेळी सारखंच रक्त ढकलतात, तर डाव्याची भिंत जाड आणि उजव्याची पातळ का?

युनिट टेस्ट जवळ आली आहे. रक्ताचा मार्ग रात्री पाठ करते आणि सकाळी मधलाच एखादा टप्पा गळालेला असतो. घरी सगळे शेती करणारे, विचारायला कुणी नाही.

बीफार्म_लातूर

सोपं आहे. मार्ग असा: व्हेना कावा (शरीरातलं रक्त परत आणणाऱ्या मोठ्या व्हेन), उजवं एट्रियम, ट्रायकस्पिड झडप, उजवं व्हेंट्रिकल, पल्मनरी आर्टरी, फुप्फुसं, पल्मनरी व्हेन, डावं एट्रियम, मायट्रल झडप, डावं व्हेंट्रिकल, एओर्टा (शरीराकडे जाणारी मुख्य आर्टरी), शरीर. हेच पुन्हा पुन्हा.

कुठली झडप कुठे हे लक्षात ठेवायला "लॅब रॅट" म्हण. लेफ्ट एट्रियम बायकस्पिड, राइट एट्रियम ट्रायकस्पिड. बायकस्पिड म्हणजेच मायट्रल. झडपांना खालून बारीक दोरे असतात, ते स्नायू ओढतात तेव्हा झडप उघडते.

दहा वेळा लिहून काढ, बसेल डोक्यात.

निवृत्त_ट्यूटर

अगं बाळा, दहा वेळा लिहून नाही बसायचं. बसलं तरी टेस्टपुरतं.

मी नर्सिंग स्कूलला ट्यूटर होते, आता निवृत्त आहे. आर्ट्सच्या मुली दर वर्षी याच ठिकाणी अडकायच्या. सायन्सच्याही अडकायच्या, फक्त त्या कबूल करायच्या नाहीत. तेव्हा आर्ट्सचं मनातून काढून टाक.

आधी उजवं-डावं. अॅनाटॉमीत उजवं-डावं कायम पेशंटचं, आपलं नाही. पेशंट तुझ्याकडे तोंड करून उभा आहे, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे, अंगठे बाहेरच्या बाजूला. याला अॅनाटॉमिकल पोझिशन म्हणतात आणि पहिल्या धड्यातल्या सगळ्या दिशा याच उभ्या माणसावरून मोजायच्या, तो प्रत्यक्षात पलंगावर पालथा असला तरीही. पुस्तक उघडून पान बाहेरच्या बाजूला करून स्वतःच्या छातीवर धर. आकृतीतली उजवी बाजू आपसूक तुझ्या उजवीकडे येईल. ही गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात घोटून घ्यायचे, कारण पुढे ऑपरेशनआधी "कोणता पाय" हे फाइलवर लिहिणारी तूच असणार आहेस.

आता शुद्ध-अशुद्ध. ही जोडी बाजूला ठेव. रक्तवाहिनीचं नाव ठरतं ते रक्त कुठल्या दिशेने चाललंय त्यावरून. हृदयातून बाहेर नेते ती आर्टरी, हृदयाकडे परत आणते ती व्हेन. एवढंच. मग पल्मनरी आर्टरी हा अपवाद राहतच नाही. ती उजव्या व्हेंट्रिकलमधून निघून फुप्फुसांकडे जाते, म्हणून आर्टरी. पल्मनरी व्हेन फुप्फुसांकडून हृदयाकडे येतात, म्हणून व्हेन. आत काय भरलंय याचा नावाशी संबंध नाही. पुढे मिडवायफरीला (बाळंतपणाच्या विषयाला) नाळ शिकशील तेव्हा तिथली व्हेन वारेकडून बाळाकडे ऑक्सिजनवालं रक्त आणते आणि दोन आर्टरी बाळाकडून वापरलेलं रक्त परत नेतात. तिथेही हाच नियम चालेल.

शिवाय ते "अशुद्ध" रक्त काही रिकामं नसतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आर्टरीतल्या हिमोग्लोबिनवर ९५ ते १०० टक्के जागा ऑक्सिजनने भरलेल्या असतात. सगळ्या शरीरातून फिरून आलेल्या रक्तातही ७५ टक्क्यांच्या आसपास भरलेल्या असतातच. आणि पुस्तकात निळा रंग देतात तो फक्त ओळखायला सोपं जावं म्हणून. वॉर्डात कोपराच्या लवणीतून तपासणीसाठी रक्त काढतात ते बघ. गडद लाल असतं, निळं नाही.

आता माझ्या मते खरी अडचण कुठे आहे ते सांगते. पुस्तकातली आकृती चुकीची नाही, पण नवख्याला ती गोंधळात टाकते. तिच्यात हृदय एकसंध दिसतं आणि आपल्याला वाटतं की एकाच पंपात रक्त इकडून तिकडे जातं. हृदय हे शेजारी-शेजारी चिकटलेले दोन पंप आहेत, आणि मोठ्या माणसात त्यांच्यामधल्या भिंतीतून रक्त जात नाही. म्हणून वहीचं कोरं पान घे. दोन चौकोन काढ, मुद्दाम एकमेकांपासून लांब. एकावर "उजवा" लिही, दुसऱ्यावर "डावा". वरच्या बाजूला फुप्फुसं, खालच्या बाजूला बाकीचं सगळं शरीर. उजव्यातून बाण फुप्फुसांकडे, तिथून डाव्याकडे, डाव्यातून शरीराकडे, शरीरातून परत उजव्याकडे. एकच वर्तुळ झालं. आता प्रत्येक चौकोनात आडवी रेघ मार. वरचा कप्पा एट्रियम, खालचा व्हेंट्रिकल. प्रत्येक पंपाला दोन झडपा: एक दोन कप्प्यांच्या मध्ये, एक बाहेर पडायच्या तोंडावर. झालं हृदय. वर्तुळाला सुरुवात नसते, पुस्तकं उजव्या एट्रियमपासून सुरू करतात ती सोय म्हणून. तू कुठूनही सुरू कर. मी मुलींना डोळे मिटून पेन्सिल टेकवायला लावायचे आणि टोक पडेल तिथून पुढे सांगायला लावायचे. ज्या नुसतं पाठ करून आलेल्या असायच्या त्यांची तिथेच दांडी उडायची.

तुझा तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. हो, दोन्ही व्हेंट्रिकल सारखंच रक्त ढकलतात आणि ढकलावंच लागतं. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके धर, गुणाकार कर. ५ लिटर आलं ना? मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे तू आरामात बसलेली असताना सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. आता समज, उजव्याने दर ठोक्याला फक्त १ मिलिलिटर जास्त ढकललं. मिनिटाला ७२, तासाला ४ लिटरहून जास्त रक्त फुप्फुसांत साचेल. माणूस तासभरही निघणार नाही. म्हणून दोघांचं माप सारखं.

वेगळा आहे तो दाब. उजव्याला शेजारच्या फुप्फुसांतच पाठवायचं, तिथे अडथळा कमी, त्याला २५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पुरतो. डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं, त्याला १२० लागतो. तू दंडाला पट्टा बांधून बीपी घेतेस ते डाव्या व्हेंट्रिकलच्या जोरावरचं. जास्त दाब द्यायचा तर जास्त स्नायू हवा, म्हणून डावी भिंत साधारण १ सेंटिमीटर आणि उजवी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे दोन विषय नाहीतच, असं मी वर्गात म्हणायचे. भिंत जाड दिसली की तिथे काम काय चालतं ते विचारायचं.

हा गुणाकाराचा मार्ग माझा नव्हे. इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरने १६२८ मध्ये अशाच हिशोबाने सिद्ध केलं की रक्त फिरतं. त्याआधी शेकडो वर्षं युरोपात समजूत होती की यकृत रक्त तयार करतं आणि शरीर ते वापरून संपवतं. हार्वे म्हणाला, अर्ध्या तासात हृदय जेवढं बाहेर टाकतं तेवढं रक्त आख्ख्या शरीरात नसतं, मग ते येणार कुठून? परतच येत असणार. आर्टरीतून व्हेनमध्ये ते नेमकं कसं जातं हे मात्र त्याला दिसलं नव्हतं. त्या केसासारख्या केशवाहिन्या इटलीच्या मालपिगी या डॉक्टरने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

जमलं तर एक कर. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय आण. दुकानात "दिल" माग, "काळीज" मागितलंस तर कलेजी, म्हणजे यकृत, हातात देतील. चीर देऊ नका आणि वरच्या नळ्या लांब ठेवा असं आधीच सांग, नाहीतर ते सवयीने कापून धुऊन देतात. घरी आलं की दोन्ही बाजू चिमटीत धरून बघ. घट्ट, जाड लागेल ती डावी. खालचं टोकही डाव्याचंच असतं. मग सगळ्यात जाड भिंतीची नळी शोध, ती एओर्टा. नळाखाली धरून तिच्यात पाणी सोड. नळीत पाणी उभं राहील, खाली उतरणार नाही, कारण एओर्टिक झडप मिटते. पाणी ओतून आत डोकावलंस तर तीन पाकळ्या आणि त्यांच्या जरा वर दोन बारीक भोकं दिसतील. त्या कोरोनरी आर्टरींच्या सुरुवाती. हृदय स्वतःचं रक्त पहिल्या फांदीतूनच घेतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. शाकाहारी असशील तर वर्गातल्या एखादीला आणायला सांग आणि तू नुसतं बघ.

बीफार्म, तुझी यादी बरोबर आहे, पण एक दुरुस्ती. दोरे ओढून झडप उघडत नाही. झडपेला स्वतःची ताकद नसते. मागे दाब वाढला की उघडते, पुढे वाढला की मिटते. ते दोरे आणि त्यांचे स्नायू व्हेंट्रिकल आवळतं त्याच वेळी ताणतात, ते झडप उलटून एट्रियममध्ये जाऊ नये म्हणून. परीक्षेत हे हमखास चुकतं.

बीफार्म_लातूर

मान्य. मी आजवर उलटंच धरून चाललो होतो. धन्यवाद मॅडम.

फिजिओ_सातारा

मॅडमनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त स्वतःच्या अंगावर करून बघायच्या दोन गोष्टी सांगतो. मटणाच्या दुकानात जायला लागत नाही.

गळ्याखालच्या खळग्यातून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकव. साधारण ५ सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. पहिली बरगडी कॉलरबोनखाली दडलेली असते, ती मोजायच्या फंदात पडू नकोस, म्हणून सगळे इथूनच मोजतात. दुसऱ्या बरगडीखालची फट दुसरी, असं मोजत डावीकडे पाचव्या फटीत ये, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली आलेल्या रेषेवर. तिथे हृदयाच्या टोकाचा ठोका बोटाला लागतो. नाही लागला तर डाव्या कुशीवर वळ. स्टेथोस्कोप मिळाला तर तिथेच लाव. "लब" म्हणजे एट्रियम-व्हेंट्रिकलमधल्या दोन झडपा मिटल्या, "डब" म्हणजे बाहेरच्या तोंडावरच्या दोन मिटल्या. निरोगी झडप उघडताना आवाज येत नाही.

दुसरं, व्हेनमधल्या झडपा. हार्वेनेही हेच दाखवलं होतं. हात खाली लोंबकळत सोड, शिरा फुगू दे. हाताची एक ठळक शीर बोटाने दाबून धर. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुसत ने आणि ते दुसरं बोट उचल. मधला भाग रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. आता पहिलं बोट उचल, लगेच खालून भरतो. बारीक माणसावर चांगलं दिसतं. वडिलांच्या हातावर करून बघ, शेतात काम करणाऱ्यांच्या शिरा छान उठून दिसतात.

जीएनएम_प्रथम_वर्ष

मॅडम, दोन चौकोनांची आकृती काढली. पेन्सिल कुठेही टेकवली तरी आता पुढे सांगता येतंय! झडपेचं वाचताना आमच्या विहिरीच्या मोटारीचा फूटव्हॉल्व आठवला. पाणी वर चढताना उघडतो, मोटार बंद केली की पाण्याच्या भाराने मिटतो. तसंच ना? पप्पांच्या हातावर शिरेचा प्रयोग पण केला. त्यांनाही गंमत वाटली, मग आईच्या हातावर त्यांनीच करून दाखवला.

अजून एक. पोस्टिंगला आमच्या वॉर्डात एक आजोबा आहेत, रात्री आडवे झाले की दम लागतो म्हणून पाठीला उशा लावून बसतात. शेजारच्या वॉर्डातल्या आजींचे पाय इतके सुजलेत की अंगठ्याने दाबलं तर खड्डा राहतो. दोघांच्याही बाबतीत सिस्टर "हार्टचा पेशंट" म्हणाल्या. एकाच आजारात एवढा फरक कसा?

निवृत्त_ट्यूटर

हो, फूटव्हॉल्वसारखंच. मात्र मोटार बंद झाली की तुमचा फूटव्हॉल्व तासन्‌तास मिटून राहतो, हिला मिनिटाला ७२ वेळा उघड-मीट करायची असते.

आता तुझी ती दोन चौकोनांची आकृती समोर घे. डावा पंप कमजोर झाला, पुढे नीट ढकलत नाही. मग रक्त मागे कुठे तुंबेल? बाणाच्या उलट बोट फिरव. फुप्फुसं. तिथल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी पाझरतं, दम लागतो. आडवं झालं की पाय-पोटातलं रक्त आणखी हृदयाकडे येतं, म्हणून रात्री त्रास जास्त. उशा लावून बसवणं हा वॉर्डातला पहिला उपाय त्यामुळेच.

उजवा कमजोर झाला तर मागे कोण? सगळं शरीर. मानेच्या शिरा फुगतात, यकृत मोठं होतं, आणि चालता-फिरता माणूस असेल तर पाणी खाली पायात उतरतं. सतत झोपून असलेल्याची सूज कमरेच्या मागच्या बाजूला बघायची, पायाला नाही. हे नव्या मुलींच्या नजरेतून निसटतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक, बहुतेक वेळा डावा आधी थकतो आणि फुप्फुसांतल्या वाढलेल्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून मग उजवाही थकतो, त्यामुळे एकाच पेशंटला दोन्ही दिसू शकतं. दोन, पाय सुजले म्हणजे हृदयच असं नाही. किडनी, यकृत, रक्तातलं कमी प्रोटीन, गरोदरपण, कितीतरी कारणं असतात. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. आपण वजन, लघवीचं माप आणि सूज कुठवर चढली ते नीट नोंदवायचं.

तुला एक घरचा अभ्यास. पायाच्या खोल व्हेनमध्ये गुठळी झाली आणि सुटली. ती आधी कुठे जाऊन अडकेल? आणि डाव्या एट्रियममध्ये झालेली गुठळी कुठे जाईल? पुस्तक उघडायचं नाही.

जीएनएम_प्रथम_वर्ष

पायातली: व्हेन मोठ्या मोठ्या होत जातात, म्हणून वाटेत अडकणार नाही. व्हेना कावा, उजवं एट्रियम, उजवं व्हेंट्रिकल, पल्मनरी आर्टरी. तिथून पुढे फांद्या बारीक होत जातात, म्हणून फुप्फुसांत अडकेल.

डाव्या एट्रियममधली: डावं व्हेंट्रिकल, एओर्टा, आणि मग कुठेही. मेंदूतही जाऊ शकेल. मग पॅरालिसिस?

निवृत्त_ट्यूटर

अगदी बरोबर, आणि "व्हेन मोठ्या होत जातात म्हणून अडकणार नाही" हे तर मी विचारलंही नव्हतं. ज्यांच्या एट्रियमचे ठोके बेतालपणे थरथरतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात, त्या या दुसऱ्या कारणासाठी.

एक खोच सांगून ठेवते. पोटातल्या बाळाच्या दोन एट्रियममध्ये एक झरोका असतो, कारण त्याची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात. जन्मानंतर तो मिटतो, पण साधारण चारातल्या एका माणसात पूर्ण चिकटत नाही. अशा माणसात क्वचित पायातली गुठळी उजवीकडून थेट डावीकडे जाऊन मेंदूत पोचू शकते. पहिल्या वर्षाला हे विचारत नाहीत, पण तुझ्या आकृतीत त्या झरोक्याची तुटक रेघ पेन्सिलीने काढून ठेव, मिडवायफरीला लागेल.

आणि टेस्टमध्ये बाण विसरू नकोस. बाण नसलेल्या आकृतीला मी अर्धेच मार्क द्यायचे.